कुंपणाबाहेरचा कोरा कागद

गोव्यातल्या कुठल्याही नव्या व्हिला-प्रकल्पाचा लँडस्केपचा नकाशा उघडून बघा. कुंपणाच्या आत सगळे काही काढलेले असते: हिरवळ, पोहण्याचा तलाव, दगडी पायवाट, रॉयल पामची रांग, कोपऱ्यातला चाफा. दोन झुडपांमधले अंतरसुद्धा सेंटिमीटरमध्ये लिहिलेले असते. कुंपण संपले की कागद कोरा. पलीकडे कुळागर (झरीच्या पाण्यावरची बागायत) आहे, व्हाळ (ओढा) आहे की खाजन (नदीच्या भरतीला बांध घालून राखलेली शेतजमीन), याची एक रेघ नाही. फार तर उत्तर दिशेचा बाण आणि रस्त्याची रुंदी.

हा कोरा भाग ज्याला वाचता येत नाही त्या लँडस्केप आर्किटेक्टने गोव्यात काम करू नये, असे माझे मत आहे. जरा कडक वाटेल. जैवविविधता हे वनखात्याचे आणि प्राणिशास्त्रज्ञांचे काम, आम्ही बागा करतो, असे या व्यवसायातली भली माणसेही म्हणतात. पण कामाची ही वाटणी गोव्याच्या जमिनीवर टिकत नाही.

राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हादई, नेत्रावळी, मोले, खोतीगाव, बोंडला आणि चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य मिळून साधारण ७५५. म्हणजे एक पंचमांश जमीन संरक्षित, आणि ती जवळजवळ सगळी पूर्वेला, घाटाच्या अंगाला. उरलेल्या चार पंचमांशात आपण राहतो, शेती करतो, हॉटेले बांधतो. पाणमांजर, धनेश, घोरपड, बेडूक यांचेही बरेचसे जगणे याच पट्ट्यात आहे. रॉबर्ट मॅकार्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांच्या अभ्यासावरून एक सिद्धांत मांडला: बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके लांब, तितक्या कमी जाती त्यावर टिकतात, कारण एखादी नाहीशी झाली तर तिची जागा भरायला बाहेरून कोणी पोहोचत नाही. पुढच्या अभ्यासकांनी हेच जंगलांच्या तुकड्यांना लावून पाहिले. म्हादईचे रान टिकून आहे त्यामागे ते एकटे नसणे हे मोठे कारण आहे. एका बाजूला मोले आणि नेत्रावळी, पलीकडे कर्नाटकातले भीमगड आणि काळी व्याघ्र प्रकल्प, उत्तरेला महाराष्ट्रातली तिळारी.

हे आपल्याला कळत नाही असे नाही. मोलेतून जाणारी वीजवाहिनी, रुंद होणारा महामार्ग आणि दुपदरी रेल्वे यांच्याविरुद्ध २०२० पासून गोव्यात तरुण मुले ज्या हिरिरीने उभी राहिली, त्यात वास्तुकलेचे विद्यार्थीही होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. मोलेच्या बाबतीत सलगता म्हणजे काय हे सगळ्यांना समजले. पर्वरीच्या टेकडीवर किंवा आसगावच्या उतारावर तीच सलगता एकेका सनदेने (जमीन बांधकामासाठी वापरण्याच्या परवान्याने), एकेका प्लॉटने तुटते तेव्हा मात्र कोणी फलक घेऊन उभे राहत नाही. तिथे त्या दिवशी हजर असलेला, नकाशा हातात असलेला आणि त्याचे पैसे मिळत असलेला माणूस म्हणजे लँडस्केप आर्किटेक्ट.

गोव्यातले जुने गाव वरून खाली उभे कापून बघावे. माथ्यावर कातळाचा सडा, म्हणजे उघडे पठार. उतारावर रान, त्यात काजू. उताराच्या पायथ्याशी जिथे झर फुटते तिथे कुळागर: माड, सुपारी, केळी, मिरवेल, फणस, जायफळ, आणि मधून फिरवलेला पाट. त्याखाली मोरड (वरची शेते), मग खेर (मधली शेते), मग खाजन. खाजनाला बांध, बांधाला मानस (पाण्याची झडप), पलीकडे खारफुटी आणि नदी. यातला एकही पट्टा दुसऱ्याशिवाय चालत नाही. सड्यावर मुरलेले पाणी कुळागराला मिळते, कुळागरातून निघालेले शेताला, शेतातले मानशीतून नदीला. आणि नदीची भरती किती आत घ्यायची हे मानस ठरवते, म्हणून पोयीत, म्हणजे मानशीआतल्या डोहात, मासे येतात आणि माशांमागे पाणमांजर. हे सगळे माणसांनी आखलेले आहे, गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहे. म्हणजे लँडस्केप आर्किटेक्टला ज्या रचनेतून शिकायचे ती त्याच्या दारात आहे. ती बघण्यासाठी त्याला प्लॉटच्या वर आणि खाली चालत जावे लागेल, एवढेच.

सड्याबद्दल थोडे थांबून बोलतो, कारण सर्वात जास्त अन्याय त्याच्यावर होतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, तो पोटखराब (लागवडीला निरुपयोगी) म्हणून दिसतो. बाहेरचे डिझायनर बहुधा कोरड्या दिवसांत साइट बघायला येतात. मे महिन्यात सडा म्हणजे तापलेला काळा कातळ, चार सुकलेल्या काड्या. अहवालात ‘ओसाड’ असा शेरा पडतो. मग ट्रकांनी तांबडी माती येते, कातळावर फूटभर पसरते, वर लॉन आणि खत. जून ते सप्टेंबर त्याच कातळावर काय होते ते त्या माणसाने पाहिलेलेच नसते. खळग्यांत पाणी साचते, त्यात बेडूक अंडी घालतात. पातळ मातीच्या थरावर गेंदाचे पांढरे ठिपके उमटतात, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो, दवबिंदू आपल्या चिकट केसांवर किडे पकडते. शेवटच्या दोन वनस्पती कीटक खातात याचे कारण जमिनीत नत्र जवळजवळ नाही. अशा जमिनीला सुपीक करणे म्हणजे तिच्यावर जगणाऱ्यांना मारणे. खत मिळाले की जोमदार गवते येतात आणि ही नाजूक मंडळी त्यांच्याखाली गुदमरतात. सुपीक तेवढे चांगले, हे बागायतदाराचे शहाणपण इथे उलटे पडते. हे ज्याला माहीत नाही तो सद्हेतूने, भरपूर पैसे खर्चून, हिरवेपणाच्या नावाखाली एक पूर्ण अधिवास पुसतो.

आणि फुलांचे कोणाला काही वाटत नसेल तर पाण्याचे तरी वाटावे. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावरचा पाऊस त्यातून झिरपून पायथ्याच्या झरींना जातो. वर फरशी, डांबर आणि गटारे झाली की तेच पाणी रस्त्यावरून धावत सुटते. पावसाळ्यात खाली पूर आणि मार्चमध्ये विहिरींना तळ. वेर्ण्याच्या सड्यावर औद्योगिक वसाहत झाली, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आणि भोवतालची वस्ती, मोपाच्या पठारावर विमानतळ. हे मोठे निर्णय लँडस्केप आर्किटेक्टच्या हातातले नव्हते. त्यानंतर आजूबाजूला जे हॉटेल आणि जी वसाहत उठते, तिच्यातला किती कातळ उघडा ठेवायचा, हे मात्र बऱ्याच वेळा त्याच्याच हातात असते.

आता कुंपण. जुनी हद्द दाखवायला आपल्याकडे गडगा असे, चिरे आणि दगड नुसते एकावर एक रचलेला. त्याच्या सांदीत सरडे, पावसात शेवाळ आणि नेचे. फटीतून मुंगूस, बेडूक, साप आरपार. पावसाचे पाणी त्यातून गाळून पुढे जाई. जिथे गडगा नाही तिथे निवडुंगाची, आडुळशाची वंय, म्हणजे जिवंत कुंपण. हद्द गावाला माहीत होती, प्राण्यांना तिची अडचण नव्हती. आज तिथे काँक्रीटच्या पायावर सहा फुटी कंपाउंड वॉल येते आणि वर काचा किंवा तारा. एका उतारावर अशा वीस भिंती झाल्या की घोरपडीला, साळिंदराला, खवल्या मांजराला डोंगरातून व्हाळाकडे उतरायला वाटच उरत नाही. उरतो तो रस्ता, आणि रस्त्यावर चाके. भिंत बांधणाऱ्याला मी दोष देणार नाही. परक्याच्या जमिनीवर खोटी कागदपत्रे करून हक्क सांगणाऱ्यांची प्रकरणे इतकी निघाली की २०२२ मध्ये सरकारला खास तपास पथक नेमावे लागले. अशा राज्यात माणूस हद्द पक्की करणारच.

पण हद्द पक्की करणे आणि हद्द बंद करणे यांत फरक आहे, आणि तो फरक रेखाटणे हेच तर डिझायनरचे काम. भिंतीच्या तळाला ठराविक अंतरावर भोके ठेवता येतात. ब्रिटनमध्ये हेजहॉगसाठी शेजारी-शेजारी आपल्या कुंपणांना तेरा सेंटिमीटरची चौकोनी वाट ठेवतात. अख्ख्या गल्लीची परसे त्यामुळे जोडली जातात. आपल्याकडे भोक किती मोठे हवे हे तिथून कोण जाते यावर अवलंबून राहील. ते ठरवायचे तर कोण जाते हे आधी बघावे लागेल. दर्शनी बाजूला भिंत, मागच्या रानाकडच्या बाजूला गडगा आणि जिवंत कुंपण, असेही करता येते. व्हाळावरून भिंत न्यायचीच नाही. यातल्या कशालाही फारसे पैसे लागत नाहीत. कोणीतरी ड्रॉइंगवर काढावे लागते आणि ठेकेदाराने ते बुजवू नये म्हणून साइटवर उभे राहावे लागते.

झाडांच्या निवडीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. देशी लावा, विदेशी नको, हे घोषवाक्य सगळ्यांना पाठ आहे. मला ते अपुरे वाटते. देशी झाडसुद्धा रांगेत, गोलाकार छाटून, फळ धरू न देता लावले तर त्याचा उपयोग सावलीपुरताच. प्रश्न असा विचारायला हवा की या झाडाकडे कोण येणार आणि इथून ते पुढे कुठे जाणार. रॉयल पामऐवजी भेरलो माड लावला तर त्याची फळे उदमांजर आणि धनेश खातात, आणि बिया दुसरीकडे नेऊन टाकतात. उंबर, वड, पिंपळ यांची फळे अशा दिवसांतही असतात जेव्हा रानात दुसरे काही नसते, म्हणून प्रत्येक दोन-तीन प्लॉटांत एक जरी राहिला तरी पक्ष्यांना डोंगरापासून नदीपर्यंत थांबे मिळतात. धनेशाला मात्र खाण्यापलीकडे घरट्यासाठी जुन्या, उंच झाडातली ढोली हवी. ती विकत मिळत नाही. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये तोडलेल्या झाडाच्या बदल्यात रोपे लावायची असतात, आणि कागदावर हिशेब जुळतो. ढोली असलेल्या आंब्याच्या बदल्यात कितीही रोपे लावली तरी धनेशाच्या पुढच्या कित्येक पिढ्यांना त्यांचा उपयोग नाही. म्हणून जुने झाड कुठे आहे ते आधी नकाशावर मांडायचे आणि मग घर कुठे बसवायचे ते ठरवायचे. आपल्याकडे क्रम नेमका उलटा. (ज्या विधानसभेने २०१६ मध्ये माडालाच ‘झाड’ या व्याख्येतून काढून टाकले आणि लोक खवळल्यावर पुढच्या वर्षी परत घ्यावे लागले, त्या राज्यात कायद्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये हेही खरे.)

किनाऱ्यावरची गोष्ट तर आणखी सोपी आहे. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले रात्री बाहेर पडतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. बागेतले दिवे समुद्राकडे तोंड करून लावले की पिल्ले उलट दिशेने जातात. वाळूच्या टेकड्यांवरची मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा उपटून तिथे लॉन केले की टेकडीच वाहून जाते. हे दोन्ही निर्णय लँडस्केपच्या कागदावर होतात.

खाजनाकडे बघताना सिंगापूरचे उदाहरण द्यायचा मोह होतो, कारण तिथे जी पाणमांजरे परतली ती आपल्या चोडण-दिवाडीच्या पाणमांजरांच्याच जातीची. बिशान इथे कालांग नदीचा सरळ काँक्रीटचा कालवा फोडून लँडस्केप आर्किटेक्टांनी त्याला पुन्हा वळणावळणाची, उतरत्या काठांची नदी केली. काम २०१२ मध्ये पुरे झाले. पुढे पाणमांजरांनी ती जागा आपली म्हणून घेतली. पणजीचा सांतिनेज नाला बघितला की या उदाहरणाचे महत्त्व कळते. पण सिंगापूरला जे कोट्यवधी डॉलर ओतून परत मिळवावे लागले ते आपल्याकडे अजून जिवंत आहे. बोरीच्या परिसरात शेतकरी पौषात बांधावर मातीची मगर करून तिची पूजा करतात, तिला मांगे थापणी म्हणतात. खाजनात मगर आहे, ती राहणार, आणि तिच्याशी जुळवून घेऊन शेती करायची, हे त्या पूजेत गृहीत आहे. अशा बांधाशेजारी रिव्हरफ्रंटचे काम मिळालेला डिझायनर मात्र काठ दगडाने बांधून, रेलिंग लावून, खारफुटी ‘व्ह्यू’च्या आड येते म्हणून छाटायला सुचवतो. काठ बांधला की मगरीला ऊन खायला जागा नाही, पाणमांजराला बीळ करायला माती नाही.

इथे एक हरकत येते आणि ती खोटी नाही. जोडा, जोडा म्हणता, मग बिबटा दारात येतो त्याचे काय? खेती माकडांनी बागायती खाल्ल्या, गवे काजूत शिरतात, शेतकरी हैराण आहे. खरे आहे. सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराला जैवविविधतेवर व्याख्यान देण्याची माझी हिंमत नाही. पण या हरकतीतून निघते ते उलटेच. जंगली जनावर घराकडे येते ते बऱ्याचदा त्याची जुनी वाट बंद झाली म्हणून, किंवा उघड्यावरचा कचरा आणि त्यावर पोसलेली कुत्री त्याला बोलावतात म्हणून. सलगता राखणे म्हणजे सगळी दारे सगळ्यांना उघडी ठेवणे नव्हे. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचजवळ रस्त्याखालून प्राण्यांसाठी मार्ग काढले. कॅमेऱ्यांत तिथून वाघसुद्धा जाताना दिसले. रस्ता वर, जनावर खाली, दोघांची गाठ नाही. वसाहतीतही तसेच: व्हाळाकाठचा पट्टा अंधारा आणि दाट ठेवायचा, मुलांच्या खेळण्याची जागा त्यापासून लांब आणि मोकळी ठेवायची, फळझाडे घराच्या छपराला टेकू द्यायची नाहीत, कचऱ्याची खोली बंद आणि प्रवेशद्वाराशी. कुठे जोडायचे आणि कुठे तोडायचे हे ठरवायलाच तर ज्ञान लागते. आंधळेपणाने जोडले तरी नुकसान आहे. शोभेच्या तळ्यातले मासे व्हाळात सोडले की काय होते हे माशांच्या अभ्यासकांना विचारा.

दुसरी हरकत व्यवसायातल्या लोकांची, आणि ती मला अधिक पटते. आम्हाला बोलावतात तेव्हा डोंगर कापून झालेला असतो, ते म्हणतात. लेआउट मंजूर, झाडे गेलेली, आम्ही उरलेल्या तुकड्यांवर हिरवा रंग भरायचा. विकत घेणारा दिल्लीचा किंवा मुंबईचा, त्याला ताबा मिळेल त्या दिवशी फोटोत दिसेल अशी बाग हवी. वनखात्याच्या रोपवाटिकेतले हातभर रोप त्याला चालत नाही. पंधरा फुटांचे तयार झाड परराज्यातून ट्रकने मागवावे लागते. हे सगळे मान्य. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागते ती वीस हजार चौरस मीटरच्या बांधकामापासून. गोव्यातले बहुतेक व्हिला-प्रकल्प या रेषेच्या खूप खाली राहतात, त्यामुळे त्या जमिनीवर काय जगते हे बघण्याची सक्ती कोणावरच नाही. नगरनियोजन कायद्यातल्या १७(२) आणि ३९-अ या कलमांवरून एवढा गदारोळ झाला तो नैसर्गिक आच्छादन आणि बागायती जमीन रहिवासी विभागात नेण्याबद्दल. तो वाद चालू राहो, व्हायलाच हवा. पण विभाग बदलला गेला तरी त्या जमिनीतली झर आणि त्यावरचा वड तिथेच असतात, आणि त्यांच्याबाजूने बोलणारे टेबलावर कोणी नसते.

ते बोलण्यासाठी शिक्षण हवे. आमच्या अभ्यासक्रमांत झाडांची नावे शिकवतात. उंची, पर्णसंभार, फुलांचा रंग, पाण्याची गरज असा तक्ता पाठ होतो. त्या झाडावर कोणती अळी वाढते, फळ कोण खाते, बी कुठे पडते, हा रकाना नसतो. गोव्यातल्या विद्यार्थ्याला याची सुरुवात परदेशी पाठ्यपुस्तकातून करायची गरज नाही. चवथीला गणपतीवर माटोळी (रानफळे-फुले टांगलेली चौकट) बांधतात तिचे सामान कुठून येते ते त्याने घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर फिरून बघावे. कांगलां रानाच्या कडेला, घागऱ्यो उघड्या माळावर, शेरवड उताराच्या झाडीत, सुपारीचे शिपटे कुळागरात, कवंडाळ कुठल्याशा वंयीवर. आजीला प्रत्येक वस्तूची जागा, हंगाम आणि शेजार माहीत असतो. कोणती गोष्ट आता मिळत नाही, पूर्वी कुठे मिळायची, तेही ती सांगते. अधिवासांचा तुटलेला नकाशा तोच. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या होत्या; ज्या पंचायतीत ती झाली आहे तिथे जाऊन ती मागावी. व्यावसायिक माणूस ती मागू लागला तर पंचायतही ती जरा जपून ठेवील.

सरकार नियम करील तेव्हा करील. एक गोष्ट मात्र या व्यवसायाला आजही स्वतःहून करता येते, कारण गोव्यात काम करणारे लँडस्केप आर्किटेक्ट मूठभर आहेत आणि बहुतेक एकमेकांना ओळखतात. कामाच्या करारात एक कलम घालावे: लेआउट ठरण्याआधी जमिनीची एक पावसाळी पाहणी होईल, तिला वनस्पती आणि प्राणी ओळखणारा स्थानिक माणूस बरोबर असेल, त्याचे मानधन वेगळे असेल, आणि नकाशा हद्दीबाहेर निदान पुढच्या व्हाळापर्यंत किंवा सड्याच्या कडेपर्यंत काढला जाईल. एकट्याने हे कलम मागितले तर बिल्डर दुसऱ्याकडे जाईल. दहा जणांनी एकाच वर्षी मागितले तर जायला जागा उरणार नाही.